शांतीनं नवा भात खाल्ला नाही

प्रेमलताला घरात सगळे सीआयडी म्हणत. हे नाव तिच्या नवऱ्यानं, नरहरीनं पाडलेलं, आणि तिनं ते कष्टानं कमावलं होतं. पोलिओचा डोस द्यायला आलेल्या माणसाला तिनं फाटकातच उभं केलं होतं. त्याच्या साहेबाचं नाव, त्या साहेबाच्या साहेबाचं नाव, सगळं विचारून झाल्यावरच त्याला ओट्यावर येऊ दिलं. गारीगारवाला आपल्याच गल्लीच्या तोंडाशी का घुटमळतो, म्हणून शेजारच्या लुईस मास्तरांना तिनं त्याच्या मागावर धाडलं होतं. त्याच्या सायकलची चेन तुटली होती, एवढंच निघालं. मास्तर अजून तिला दिसले की, "काय, आज कोणाला पकडायचं?" म्हणून हसत.

"बी.ए.ला मानसशास्त्र घेतलं की बायको अशी होते," नरहरी म्हणायचा आणि सकाळची गाडी गाठायला सायकलवर टांग टाकायचा. बँकेत दिवसभर खुर्चीत बसणाऱ्या माणसाचं काय जातंय म्हणायला!

प्रेमलताचं म्हणणं असं की, चिमी तीन वर्षांची आहे आणि दिवस वाईट आहेत. विरार स्टेशनजवळून एक मुलगा नाहीसा झाला, तो झालाच. मास्तरांच्या घरी टीव्ही होता. बातम्यांच्या आधी हरवलेल्या मुलांचे फोटो दाखवत, ते बघायला ती मुद्दाम जायची. रंग सावळा, अंगात निळी चड्डी, डाव्या गालावर तीळ. परत येऊन ती फाटकाला आतून साखळी घालायची. वाडी मोठी, केळी दाट, पानवेलींच्या मांडवाआड माणूस उभा राहिला तर दिसायचा नाही. उमराळ्याच्या त्या गल्लीत जन्म काढलेल्या तिच्या सासूला, नर्मदाबाईंना, या सगळ्याचं हसू यायचं.

"तुझ्या चिमीला नेऊन कोण काय करनार गो? दोन घटकांत परत आनून सोडतील, एवढी रडते ती."

चिमी जिच्या कडेवर शांत राहायची ती एकच, शांती. नऊदहा वर्षांची असेल. भालूमामांनी तिला होळीनंतर आणली होती. भालचंद्र हे नर्मदाबाईंचे धाकटे भाऊ. गवताचा व्यापार. जव्हारकडचं गवत कापून घ्यायचं, गठ्ठे बांधायचे आणि ट्रकनं मुंबईच्या तबेल्यांना घालायचं. येता-जाता बहिणीकडे उतरायचे, चहा घ्यायचे, सगळ्यांना हसवायचे. एका खेपेला गवताच्या ट्रकमधूनच ही पोर खाली उतरली होती. केसांत गवताच्या काड्या, हातात एक फडक्याची पुरचुंडी.

"आईबाप दोन्ही काविळीनं गेले," मामा म्हणाले होते. "कोणी नाही. तुमच्याकडे पोटाला मिळेल, चिमीला सोबत होईल. पुण्य लागेल, घ्या."

पोर बोलायचीच नाही. नाव विचारलं तरी गप्प. मग मामाच म्हणाले, "शांती म्हणा." पुरचुंडीत एक झगा होता आणि एक पाटी. त्या पाटीवर पुढे चिमी रेघोट्या मारू लागली. शांती पहाटे कागड्याची फुलं खुडायची, चिमीचे कपडे धुवायची, दिवसभर तिला कडेवर घेऊन फिरायची आणि मागच्या पडवीत निजायची. विरारच्या डॉक्टरांकडेही मामांनीच दिलेली एक पोर होती, तिचंही नाव शांती. कळंबला एका शेटच्या बंगल्यात होती तीही शांती. प्रेमलताला तेव्हा गंमत वाटली होती. मामांना दुसरं नाव सुचत नाही, असं ती नरहरीला म्हणालीही होती.

पण हे सगळं नंतर आठवायचं. सुरुवात झाली ती नव्या भातापासून.

खाडीकडच्या त्यांच्या दोन खाचरांतलं हळवं, लवकर पिकणारं भात कापून झालं. दसऱ्याला नर्मदाबाईंनी आंब्याची पानं, झेंडू आणि भाताच्या लोंब्या एकत्र बांधून त्याचं 'नवं' तोरणासारखं दाराला लावलं, आणि मग एका सकाळी नवा तांदूळ शिजला. त्या वासानं सगळं घर भरून गेलं. देवाला दाखवून झालं, घरच्यांची पानं झाली, शेवटी शांतीच्या ताटलीत भात, वर वालाचं बिरडं.

शांतीनं बिरडं खाल्लं. भात हातानं एका बाजूला सारला.

"कय गो, आमचा भात कडू लागते कय तुला?" नर्मदाबाई म्हणाल्या.

पोरीनं मान हलवली आणि ताटली उचलून विहिरीकडे गेली. भात कोंबड्यांना घातला.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. शिळी भाकरी दिली तर खाई, केळं खाई, सुकवलेल्या केळ्याच्या सुकेळीचा तुकडा तर चघळत बसे; पण भाताला शिवेना. नर्मदाबाईंच्या जिव्हारी लागलं. घरचा पहिला भात, तो कोणी कोंबड्यांना घालावा? "माज आला पोरीला," त्या म्हणाल्या. "अनाथ म्हनून घेतली आनि आता आमच्या ताटाला नावं ठेवते."

प्रेमलताच्या डोक्यात मात्र वेगळंच चक्र सुरू झालं. नऊ-दहा वर्षांचं पोर दोन वेळ भात टाळतं म्हणजे त्याचं पोट कुठेतरी भरत असणार. कोण भरतंय? कशासाठी? मुलं पळवणारे आधी घरातल्या गड्यामाणसाला वश करतात, असं तिनं कुठेतरी वाचलं होतं. खाऊ देऊन.

त्यात गुरुवारी चिमीच्या हातात नारळाच्या पातीची पिपाणी दिसली. छान वळलेली. घरात अशी कोणाला येत नव्हती.

"चिमू, ही कोणी दिली?"

"लाकूडवाली आजी," चिमी म्हणाली आणि पुन्हा पिपाणी तोंडात घातली.

प्रेमलता शांतीकडे वळली. "शांते, कोण ती आजी? कुठे भेटली? फाटकाबाहेर नेलंस हिला?"

शांतीनं खाली बघितलं. पायाच्या अंगठ्यानं माती उकरत उभी राहिली, हो नाही की नाही नाही.

संध्याकाळी भालूमामांचा निरोप आला, शनिवारी दुपारी गाडी घेऊन येतो. शांती आता हाताशी आलीय, तिला मुंबईत वरळीला एका चांगल्या घरी लावतो आणि तुम्हाला दुसरी लहान आणून देतो. एरवी प्रेमलतानं दहा प्रश्न विचारले असते. त्या दिवशी तिला सुटल्यासारखं वाटलं. जाऊ दे एकदाची. तोवर दोन दिवस डोळ्यांत तेल घालून बघायचं.

शुक्रवारी दुपारी तिनं पदर खोचला, चिमीला शांतीच्या कडेवर दिलं आणि निजल्यासारखं केलं. थोड्या वेळानं साखळी वाजली. प्रेमलता उठली आणि केळीच्या आडोशानं मागोमाग निघाली. शांती कुठेही न थांबता नाक्यावर गेली. तिथं चिंचेखाली डोंगराकडून लाकडाच्या मोळ्या घेऊन येणाऱ्या आदिवासी बाया टेकायच्या. मोळी विकून झाली की पाणी पिऊन परत निघायच्या. शांती त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्या बाईसमोर जाऊन उभी राहिली. म्हातारीनं हात पुढे केला आणि चिमी तिच्या मांडीवर जाऊन बसली. ओळखीची असल्यासारखी!

प्रेमलता धावली. चिमीला ओढून घेतलं तसं पोरीनं भोकाड पसरलं.

"कोण तू? माझ्या पोरीला काय देतेस रोज? आणि हिला काय शिकवतेस? चल, पोलीस पाटलाकडे चल!"

बाया उठून उभ्या राहिल्या. म्हातारी मात्र बसूनच राहिली. तिनं आधी प्रेमलताकडे बघितलं, मग शांतीकडे.

"मी कय शिकवीन, बाय? हीच रोज येते नं इचारते. जव्हारकडचं कुनी हाये का, आंबेपाड्याचं कुनी हाये का. आमी मांडवीचे. तिकडचं आमाला कय ठाव?"

"काय विचारायचंय तिला जव्हारचं?"

म्हातारी शांतीला म्हणाली, "सांग नं तूच."

आठ महिन्यांत प्रेमलतानं त्या पोरीचा एवढा आवाज पहिल्यांदा ऐकला.

"बानं नवा केला का, ते."

म्हातारीचं नाव लखमी. तिनं मग समजावलं, थोडं थांबत, जणू लहान मुलाला सांगावं तसं. आमच्यात घरचा मोठा माणूस नवा दाणा आधी देवाला देतो. तो देईस्तोवर घरातलं कोणी नवं खात नाही. शेतात असो, गावाला असो, कुठं का असेना. खाल्लं तर घराला लागतं. म्हणून पोर थांबलीय.

"पण हिचा बाप मेलाय," प्रेमलता म्हणाली.

शांतीनं झटकन वर बघितलं. "नाय मेला. बाला भात पेराचा होता, मंग मामा बोलला शाळेत घालतो. पाटी दिली. पानी पडाच्या आधी परत सोडतो बोलला."

प्रेमलता चिमीला छातीशी धरून तशीच उभी राहिली. पिपाणी धुळीत पडली होती. लखमीनं ती उचलून फुंकली आणि चिमीच्या हातात दिली.

"खरं खोटं देव जाने," ती म्हणाली. "पोरं कवा कवा मेलेल्या बापाची पन वाट बघतात."

तेवढ्या एका वाक्यानं प्रेमलताला घरी जाईपर्यंत छळलं. पोर खोटं बोलत असेल तर? मनाची समजूत घालत असेल तर? मामांना ती लग्नात पहिल्यांदा भेटली होती, तेव्हापासून ते तिला एकदाही टाकून बोलले नव्हते. आणि तरी ती पाटी. अनाथ पोर घरून निघताना झग्याबरोबर पाटी कशाला घेईल?

रात्री तिनं सासूला सांगितलं. नर्मदाबाई तांदूळ पाखडत होत्या, सूप थांबलं.

"गारीगारवाला झाला, डोसवाला झाला, आता माझा भाऊ?"

"आई, मी फक्त विचारूया म्हणते."

"तू विचारू नको. उद्या मीच विचारते, तुझ्यासमोर. म्हंजे तुझं तोंड एकदाचं बंद होईल." सूप पुन्हा सुरू झालं, आधीपेक्षा जोरात.

नरहरी म्हणाला, "मामांना दुखवू नका हां. हवं तर मी रविवारी बोलतो." रविवारी बोलून काय उपयोग, गाडी शनिवारी होती.

शनिवारी भरदुपारी मामा आले. गल्लीत ट्रक वळत नव्हता म्हणून नाक्यावरच उभा करून, गवताचा भुसा झटकत, "ताई, भूक लागलीय!" अशी हाळी देत.

"सूनबाई, चहात साखर घातलीस ना? का माझ्यावरही पाळत?" ते हसले. "दुसरी पोर गाडीत बसलीय. जेवून उठलो की उतरवून देतो. अगदी गरीब गाय आहे."

नर्मदाबाईंनी पाट मांडला आणि सरळच विचारलं, "भालू, ही म्हनते पोरीचा बाप जिता हाय."

मामा दचकले नाहीत. त्यांच्या डोळ्यांत पाणीच तरळलं. "ताई, मी मातीला होतो गं. आधी बाई गेली, आठ दिवसांत तो. पोर तेव्हापासून अशी बरळते. कोणालाही विचार त्या पाड्यात."

नर्मदाबाईंनी सुनेकडे बघितलं. झालं समाधान? असं ते बघणं होतं. प्रेमलताला स्वतःची लाज वाटू लागली. लखमी म्हणाली होती तेच खरं असेल. मेलेल्या बापाची वाट बघणारी पोर आणि तिच्यामागे चोरट्यासारखी धावणारी आपण.

"बोलाव तिला," सासूबाई म्हणाल्या. "घरातून जातेय तर उपाशी नको जायला."

शांती आली. तिचा झगा आणि ती पाटी परत त्याच फडक्यात बांधून दाराशी ठेवली होती. नर्मदाबाईंनी तिच्यापुढे ताटली ठेवली, मामांच्या पानात वाढला तोच भात, वर तूप.

"खा आता तरी."

शांतीनं भात बाजूला केला. "बा नवा करंल. मंग खाईन."

मामा बोटं चाटत होते. त्यांना हसू आलं. आळ्यातलं आंबट वरण भातावर ओढत ते मजेत म्हणाले, "अगं खुळे, बसशील वाट बघत! तुझ्या बापानं औंदा पेरलंच नाही. सगळं शेत गवतात आहे."

आणि पुढचा घास त्यांनी तोंडात घातला.

बाहेर पंप चालू होता, पाण्याचा आवाज येत होता. शांती गुडघ्यांवर पुढे सरकली. इतक्या महिन्यांत घरची बातमी सांगणारं तिला पहिलं माणूस भेटलं होतं.

"का नाय पेरलं? बाला बरं नाय का?" तिनं विचारलं. "मामा, बा झोपून हाये का? भाऊ कुठं हाये?"

मामांचा घास तोंडातच राहिला.

"म्हणजे मेला ना तो, पेरणार कसा? तेच म्हणत होतो मी..."

"मेलेल्यानं पेरलं नाय, असं कोनी सांगतं कय रे भालू?" नर्मदाबाईंचा आवाज अगदी खाली गेला होता. "मी मावशीकडे व्हते शिकायला, आठवते? बाबांनी नवं बांधल्याचा निरोप येईस्तोवर मी पन नव्याला शिवले नव्हते. मावशी मला माजोरी म्हनाली व्हती." त्यांनी शांतीच्या ताटलीकडे बघितलं. "आनि मी हिला तेच म्हनले."

प्रेमलता तिथं थांबलीच नाही. अनवाणी गल्लीतून नाक्यावर गेली. ट्रकच्या केबिनमध्ये, ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटवर, एक पोर बसली होती. चिमीपेक्षा दोन-तीन वर्षांनी मोठी, एवढीच. झोपेनं डोळे जड झालेले. मांडीवर एक पाटी, कोरी, चौकटीवर दुकानाचा कागद अजून तसाच चिकटलेला.

"कुठं चाललीस गं?"

"शालेत," पोर म्हणाली.

प्रेमलतानं दार उघडलं आणि तिला उचललं. ड्रायव्हर "ओ बाई, ओ बाई" करत खाली उतरला. तिनं मागे बघितलं नाही. दुसऱ्याचं मूल गाडीतून उचलून कडेवर घेऊन चालणारी बाई दिसली असती, तर एरवी तिनंच आधी आरडाओरडा केला असता.

मामा ओट्यावर आले होते. हसू कुठल्या कुठे गेलं होतं. "ठेव तिला खाली. फार शहाणी झालीस. तुझी चिमी कोणाच्या कडेवर वाढली ते विचार स्वतःला. पहाटेची फुलं कोणी खुडली? डॉक्टरांकडची शांती दिसली नाही तुला? कळंबची? सीआयडी ना तू?"

प्रेमलतानं पोर खाली ठेवली नाही. वेठबिगारीच्या कायद्याबद्दल तिनं पेपरात वाचलं होतं. ते वीटभट्टीवरच्या माणसांबद्दल असतं, असं धरून तिनं पान उलटलं होतं. साखळी ती आतून घालत होती, आणि ज्याची भीती होती ते तर केव्हाच आत येऊन मागच्या पडवीत निजत होतं.

"जेवलास ना?" नर्मदाबाई भावाला म्हणाल्या. "हात धू आनि नीघ. पोरी जानार नाय. आनि इथं पुन्हा गाडी थांबवू नको."

"ताई, माणसं हसतील तुला."

"हसू देत. तू हात धू."

ते हात न धुताच गेले.

दुसऱ्या दिवशी नरहरी लुईस मास्तरांना घेऊन विरारला डॉक्टरांच्या घरी गेला, तिथून पुढे कळंबला. सगळ्या शांतींना त्यांची खरी नावं विचारायला. "डॉक्टर दार उघडतील की नाही, शंका आहे," मास्तर म्हणाले. या वेळी ते हसले नाहीत.

प्रेमलता दोघी पोरींना घेऊन एसटीत बसली. विरारहून मनोर, मनोरहून जव्हार. चिमीला तिनं पहिल्यांदाच दिवसभर सासूजवळ सोडलं होतं. निघताना नर्मदाबाईंनी खळ्यातल्या भाऱ्यातून लोंब्यांची एक जुडी काढली, ओल्या फडक्यात गुंडाळली आणि मोठीच्या हातात दिली.

"बापाला सांग, पेरलं नाय तर नाय. हे घे म्हनावं. आधी तुझ्या देवाला, मंग पोरीला."

गाडी मनोरच्या पुढे गेली तशा डोंगर दिसू लागले. धाकटी प्रेमलताच्या मांडीवर झोपून गेली. मोठी लोंब्या मांडीवर धरून खिडकीतून एकेक शेत बघत होती. कुठे भारे बांधलेले, कुठे नुसतं गवत. प्रेमलताही बघत होती, पण माणसांकडे. पुढचा खाकी शर्टवाला मागे वळून का बघतोय? ड्रायव्हर मामांच्या ओळखीचा असेल का? आंबेपाड्यात बाप नसलाच तर? किंवा असला आणि त्यानंच मामांना पोर दिली असली तर?

समोरच्या बाकावर एक बाई बसली होती, मांडीवर कोंबड्यांची टोपली. ती मघापासून प्रेमलताला निरखत होती. नवीकोरी साडी, हातात घड्याळ, आणि बरोबर या दोन पोरी. शेवटी तिला राहवेना.

"ए बाई, या पोरी कोनाच्या? तुझ्या तर नाय दिसत. कुठं नेतेस यांना?"

गाडीतले दोघं-तिघं वळून बघू लागले. प्रेमलताचा चेहरा तापला, आणि लगेचच तिला वाटलं, नाक्यावर, गवताच्या ट्रकमधून पोर उतरताना, हे कोणीतरी तेव्हाच विचारायला हवं होतं.

"विचारा," ती म्हणाली. "माझं नाव, गाव, सगळं विचारा. पण आधी तिला विचारा."

बाई पोरीकडे वळली. "नाव काय गो तुझं?"

पोरीनं लोंब्या घट्ट धरल्या. "बुधी," ती म्हणाली. "बुधी रुपजी. आंबेपाड्याची. बा नवा कराचा हाये, म्हनून घरी चाललो."